लंडन: सासू-सासरे, आई आणि दोन मुलं घेऊन. कसं बसवायचं?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे लंडनला जायचं ठरवतोय. सगळे म्हणजे सासरे (७८, काठी घेऊन चालतात, पण चालतात), सासूबाई (दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास), माझी आई (एकदम ठणठणीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची), मी, नवरा, लेक १५ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा. नणंद साउथॉलला असते पण तिचं घर एका बेडरूमचं, तिथे सात जण कसे मावणार, त्यामुळे जवळपास काहीतरी भाड्याने घेऊ असं चाललंय.

प्रत्येकाला विचारून ठेवलंय काय बघायचंय ते. सासऱ्यांना टिळक राहिले ते घर, सावरकरांचं इंडिया हाऊस आणि वाघनखं. आईला ग्रीनविचची रेषा, आयुष्यभर फळ्यावर काढली ती एकदा पायाखाली बघायची आहे म्हणते. लेकीला कॅम्डेन आणि एखादं मोठं म्युझिकल. मुलाला देवमाशाचा सांगाडा आणि ड्रायव्हर नसलेली ट्रेन. सासूबाई म्हणतात, "मला काही नको, तुम्ही जाऊन या, मी घरी बसते जप करत."

आणि मला नेमकं तेच नकोय. एवढा खर्च करून, एवढ्या लांब नेऊन त्या खिडकीत बसून राहणार असतील तर मला ती सहलच नको. पण त्यांना दिवसभर ओढत फिरवायचंही नाही. नवऱ्याचं म्हणणं सरळ टूर कंपनीचं पॅकेज घेऊ, जेवणाचीही चिंता मिटेल. तुमच्यापैकी कुणी तीन पिढ्या घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

जुना_सदाशिवपेठी

टूर कंपनीच बरी. मराठी माणूस बरोबर असतो, सकाळी पोहे-उपमा, संध्याकाळी वरण-भात, बस दारात. वयस्कर मंडळींना गप्पा मारायला त्यांच्या वयाची माणसं मिळतात ही फार मोठी गोष्ट आहे, ती तरुणांच्या लक्षात येत नाही. आमच्या घरची सगळी ज्येष्ठ मंडळी अशीच फिरली आणि खूश आहेत.

थेम्सकाठी

मृण्मयी, मी बरीच वर्षं लंडनमध्ये आहे आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडे कुणाचे ना कुणाचे आई-बाबा येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सदाशिवपेठी काकांचा सोबतीचा मुद्दा मला पटतो. पण पॅकेजमध्ये लंडन बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांचं असतं, हॉटेल शहराबाहेर, सकाळी सातला बॅग दारात, आणि बसमधून उतर-चढ, उतर-चढ. गुडघेदुखीवाल्या माणसाला चालण्यापेक्षा ते जास्त जड जातं. शिवाय तुझ्या सासऱ्यांना जी घरं बघायचीत तिथे ती बस जाणारच नाही.

आता पहिली गोष्ट, तारीख. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथल्या शाळांना हाफ टर्मची सुट्टी असते आणि शेवटचा सोमवार बँक हॉलिडे. त्या आठवड्यात नॅचरल हिस्टरी म्युझियमला, म्हणजे तुझ्या मुलाचा देवमाशाचा सांगाडा आहे तिथे, अख्खं इंग्लंड पोरं घेऊन लोटतं. नाशिकच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात ना, मग एक आठवडा पुढे ढकल आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ये. गर्दी एकदम ओसरते, दिवसही मोठा, रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. त्या उजेडाने म्हाताऱ्या माणसांची झोप बिघडते मात्र, पहाटे पावणेपाचलाच फटफटतं, तेव्हा बेडरूमला जाड पडदे आहेत ना ते विचारून घे.

दुसरं म्हणजे राहण्याची जागा. नणंद साउथॉलला आहे हे तुमचं भाग्य समज, कारण साउथॉल एलिझाबेथ लाईनवर आहे. ही लाईन २०२२ साली सुरू झाली आणि तिच्या प्रत्येक स्टेशनला रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येतं. जुन्या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, एकूण २७२ स्टेशनांपैकी जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांना ही सोय आहे. लेस्टर स्क्वेअरला लिफ्टच नाही. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट आहे पण जिन्याने जायची वेळ आली तर १९३ पायऱ्या. म्हणून घर साउथॉल, हेज, वेस्ट ईलिंग किंवा ईलिंग ब्रॉडवे या पट्ट्यात बघा, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. हीथ्रोवरून हीच गाडी थेट येते आणि मध्यवर्ती लंडनात टॉटनहॅम कोर्ट रोडला अर्ध्या तासात पोचवते. भाडं वाचतंय म्हणून लांबच्या स्टेशनवर अजिबात जाऊ नका, रोज संध्याकाळी ते शेवटचं चालणंच सगळ्यांना नको होतं.

घर ठरवताना बाथरूमचे फोटो नीट बघ. इथे जुन्या घरांत आंघोळीला टब असतो, त्याची कड गुडघ्याच्या वर येते आणि सासूबाईंना ती ओलांडताच येणार नाही. वॉक-इन शॉवर आहे का असं स्पष्ट विचार. आणि फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला पहिला मजला, तिथपर्यंतचा लाकडी जिना अरुंद आणि उभा असतो. ग्राउंड फ्लोअरच घ्या.

भीमाकाठ

थेम्सकाठी यांनी छान लिहिलंय. मी एक ठिकाण सुचवतो जे यादीत नाही. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना इथे राहायचे. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलंय. मी माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो. आमच्या घरात शिकलेली पहिली पिढी त्यांची. ते त्या खोलीत बराच वेळ नुसते उभे होते, नंतर म्हणाले, इथे बसून या माणसाने रुपयाचा प्रश्न मांडला. १९२३ साली बाबासाहेबांना डी.एस्सी. मिळाली ती याच विषयावरच्या प्रबंधाला. मुलांना बरोबर न्याच, तुमच्या लेकीच्या वयाच्या मुलांना तर हे कळायलाच हवं.

घरात जिना आहे, तेव्हा सासूबाईंसाठी तळमजला बघून होईल तेवढंच. उघडण्याची वेळ आधी बघून जा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, वाघनखांचं काकांना आधीच सांगून ठेवा बरं. ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची, पण २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर आपल्याकडे आली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती. म्हणजे लंडनला जाऊन रिकामी काचपेटी पाहण्यापेक्षा इकडेच पाहून घ्या. अफजलखानाच्या वेळची तीच का, हे त्या म्युझियमलाही छातीठोक सांगता येत नाही, पण ज्याला त्याला आपली श्रद्धा. त्या म्युझियममध्ये टिपूचा लाकडी वाघ आहे, इंग्रज शिपायाला खाली घेतलेला, तो पहाच, पोराला लई आवडेल.

आन ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची शिल्पं आहेत. आमची विदर्भातली अमरावती नाही, आंध्रातल्या स्तूपाची. पांढऱ्या दगडात इतकं बारीक काम की पाहतच राहावं माणसानं. तिथं चाकाची खुर्ची मागितली का मिळते, पैसे नाही लागत.

मृण्मयी_नाशिक

बाप रे, किती माहिती दिलीत सगळ्यांनी. वाघनखांचं सासऱ्यांना सांगितलं, आधी जरा हिरमुसले, मग म्हणाले मग जायच्या आधी तिकडे जाऊ, म्हणजे आता घरात दोन सहली ठरतायत. तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यावर नेतोय, हाफ टर्मचं मला माहीतच नव्हतं.

चाकाच्या खुर्चीचा विषय निघालाच आहे तर विचारते. विमानतळावर आणि म्युझियममध्ये सासऱ्यांसाठी व्हीलचेअर घ्यावी असं आम्हाला वाटतं, पण बोलायचं कसं? मुंबईला एकदा नवऱ्याने नुसता विषय काढला तर दिवसभर बोलले नाहीत.

कऱ्हाडकर_आजोबा

चि. मृण्मयीस, मी या धाग्यावर वाचत होतो, लिहिणार नव्हतो, पण हा प्रश्न माझ्या वयाचा आहे म्हणून लिहितो. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे, मुलगा आणि सुनेबरोबर परदेशी जाऊन आलो आहे.

खुर्चीत बसायला आम्हाला कमीपणा वाटतो तो खुर्चीचा नसतो. आपल्याला न विचारता मुलांनी तिकीट काढताना परस्पर फॉर्मवर लिहून टाकलं आणि विमानतळावर आपल्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा दिसला, त्याचा असतो. तुमच्या सासऱ्यांना आधी, घरी, नातवंडं समोर नसताना विचारा. विमानतळ केवढा मोठा आहे, इमिग्रेशनच्या रांगेत किती उभं राहावं लागेल हे आकड्यानिशी सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. मला माझ्या सुनेने असंच सांगितलं होतं, की बाबा, पाय म्युझियमसाठी राखून ठेवा, विमानतळावर कशाला खर्च करायचे. मी लगेच हो म्हणालो.

दुसरं असं की आम्हाला काहीतरी काम द्या. नकाशा द्या, बस कुठली ते बघायला सांगा, खर्चाची वही द्या. दिवसभर कुणाच्या तरी मागून चालायचं, थांब म्हटलं की थांबायचं, बस म्हटलं की बसायचं, याने माणूस जेवढा थकतो तेवढा चालण्याने थकत नाही. तुमच्या सासूबाई घरी बसते म्हणतात ना, त्यांना फिरायचं नाही असं नाही. आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल ही त्यांना भीती आहे. त्यांना सांगा की सगळेच थांबणार आहेत.

थेम्सकाठी

आजोबा, नमस्कार. तुम्ही लिहिलंत ते मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला देणार आहे.

मृण्मयी, यावरूनच पुढचं सांगते. सासऱ्यांना बसचं काम द्या. लंडन खरं बघायचं ते बसमधून, ट्यूबमध्ये काय दिसतं, अंधार. सगळ्या बसना रॅम्प आहे, बस फुटपाथला टेकते, पुढच्या सीट वयस्करांसाठी राखीव असतात आणि लोक न सांगता उठतात. पंधरा नंबरची बस ट्रॅफल्गर स्क्वेअरहून निघते ती स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवर ऑफ लंडनपर्यंत. नऊ नंबर ट्रॅफल्गर स्क्वेअर, हाईड पार्क कॉर्नर, रॉयल अल्बर्ट हॉल या बाजूने हॅमरस्मिथला जाते. एका तिकिटाला २०२५ साली पावणेदोन पौंड होते आणि पहिल्यांदा टॅप केल्यापासून एका तासात कितीही बसेस बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. रोख पैसे बसमध्ये २०१४ पासूनच बंद आहेत, बँकेचं कार्ड किंवा ऑयस्टर हे इथलं प्रवासाचं कार्डच लागतं, आणि प्रत्येक माणसाला वेगळं. एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही.

मुलगा ९ वर्षांचा म्हणजे मोठ्यांबरोबर ट्यूबलाही फुकट आणि बसलाही. लेक १५ ची आहे, तिचं सगळ्यांकडून राहून जातं: तिला बँकेच्या कार्डाने टॅप करायला लावलं तर पूर्ण भाडं पडेल. तिच्यासाठी ऑयस्टर घ्या आणि स्टेशनवरच्या माणसाला सांगून त्यावर यंग व्हिजिटर सवलत घालून घ्या, ११ ते १५ वयाला चौदा दिवसांपर्यंत अर्धं भाडं लागतं.

आणि पायऱ्या चढता येत असतील तर एकदा तरी सासऱ्यांना नातवाबरोबर वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या सीटवर बसवा. बस थांबलेली असतानाच चढा-उतरा मात्र, चालू लागली की झटका बसतो.

ओवी_११

हाय, मी कॉलेजला आहे आणि मागच्या वर्षी आई-बाबा, आजी-आजोबा असे सगळे लंडनला गेलो होतो, म्हणून तुमच्या मुलीच्या बाजूने लिहिते. प्लीज तिला दिवसभर सगळ्यांबरोबर फिरायची सक्ती करू नका. आमच्याकडे दुपारनंतर जोड्या पडायच्या, आज कोण कुणाबरोबर ते सकाळी चहाला ठरायचं. मी आणि आजी अशी जोडी पडली तेव्हा आम्ही लेस्टर स्क्वेअरच्या टीकेटीएसच्या खिडकीवर गेलो, तिथे नाटकांची तिकिटं कमी दरात मिळतात, आणि दोघींनी एक म्युझिकल बघितलं. आजीला इंग्रजी गाणी कळली नाहीत पण सेट बघून ती इतकी हरखली होती, मध्यंतरात मला तिच्या लहानपणी गावच्या जत्रेत तमाशाच्या फडाचा तंबू कसा उभा राहायचा ते सांगत होती. मला हे आधी कधीच सांगितलं नव्हतं तिने.

तुमच्या आई फिट आहेत ना, मग त्यांची आणि नातीची जोडी करा. कॅम्डेनलाही त्यांनाच पाठवा.

डॉ_मीनल

औषधांबद्दल लिहिते. तिन्ही ज्येष्ठांचा प्रवास विमा काढताना आधीचे आजार एकूण एक लिहा, बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी, काहीही लपवू नका. लपवलेला आजार निघाला की क्लेम नाकारतात. सगळी औषधं हँडबॅगमध्ये, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपले ब्रँड तिकडे कुणी ओळखत नाही. आपल्याकडे मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या कितीतरी गोळ्या तिथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत. इन्सुलिन असेल तर चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका.

उन्हाळ्यात भारत आणि लंडनमध्ये साडेचार तासांचा फरक असतो. शुगरच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या ते आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, मनाने करू नका. विमानात नऊ-दहा तास बसायचंय, दर दीड-दोन तासांनी उठून चालायला लावा आणि पाणी प्यायला लावा. बाथरूमला जावं लागेल म्हणून आपल्याकडची बायकामाणसं पाणीच पीत नाहीत, यावर जरा कडक व्हा.

तिथे तातडीचं नसेल पण सल्ला हवा असेल तर १११ ला फोन करा, जिवावरचं असेल तर ९९९. परदेशी पाहुण्यालाही इमर्जन्सी विभागात तपासतात, पैसे आकारत नाहीत, पण दाखल केलं की बिल सुरू होतं आणि ते मोठं असतं. म्हणून विमा हवाच.

सुगरण_सोलापूर

मृण्मयीताई, खाण्याचं बघा. पेढे, बर्फी, खवा, तूप, पनीर असलं दुधाचं काही भारतातून न्यायला परवानगी नाही, मांसाचंही नाही, विमानतळावर काढून टाकतात. नणंदेसाठी साजूक तुपातले लाडू न्यायचे मनात असेल तर राहू द्या. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगाचटणी, कडक भाकरी, कोरड्या चटण्या हे सगळं चालतं. साउथॉलला राहणार म्हणजे भाजी, डाळ, पीठ, कढीपत्ता सगळं हाताशी, न्यायची गरजच नाही.

भाड्याच्या घरात फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, खिडकी उघडा आणि वरचा पंखा आधीच सुरू करा. मोहरी-मिरचीचा धूर झाला की धुराचा भोंगा वाजतो, आणि मोठ्या बिल्डिंगमध्ये वाजला तर सगळ्यांना खाली उतरावं लागतं, गुडघेवाल्या माणसाला केवढा ताप. सकाळी थालीपीठ किंवा दशम्या करून डब्यात भरून न्या. सगळ्या बागांत बाकं आहेत, बसून खा. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, तेव्हा सामान शनिवारीच भरा.

आणि एक टमरेल नक्की घ्या बरोबर. तिकडे जेट नसतो.

थेम्सकाठी

सासऱ्यांच्या घरांबद्दल राहिलं होतं. टिळकांचं घर १०, हाऊली प्लेस, मेडा व्हेल. चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते १९१८ ला आले आणि १९१९ पर्यंत इथे होते, भिंतीवर निळी पाटी आहे. घरात लोक राहतात, तेव्हा बाहेरूनच बघायचं, बेल वाजवायची नाही. पॅडिंग्टनला उतरून कालव्याच्या कडेने चालत जाता येतं, रस्ता बराचसा सपाट आहे.

आता गंमत बघ. त्या घरापासून दोन मिनिटांवर लिटल व्हेनिस, तिथून कालव्यातून होडी निघते ती रीजंट्स पार्क आणि प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने थेट कॅम्डेनला, साधारण पाऊण-एक तास. होडीत शिरताना थोड्या पायऱ्या आहेत, नंतर नुसतं बसायचं. कॅम्डेनला लेकीला आणि आईला सोडा, आणि बाकीच्यांनी काळी टॅक्सी करून भीमाकाठ यांनी सांगितलेल्या घरी जा, अगदी जवळ आहे. काळ्या टॅक्सीत पाच-सहा जण बसतात आणि सगळ्या टॅक्सींना व्हीलचेअरचा रॅम्प असतो. एका दिवसात टिळक, होडी, कॅम्डेन आणि बाबासाहेब, आणि चालणं अगदी थोडं.

इंडिया हाऊस त्याच दिवशी नको. ते हायगेटला, ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलं, सावरकर १९०६ पासून तिथे. तेही खासगी घर, बाहेर पाटी. पण हायगेट म्हणजे चढ, तिथे सासऱ्यांना नवऱ्याबरोबर टॅक्सीने पाठव. बाप-लेक दोघंच जाऊ देत, सगळ्यांना नेऊ नकोस. सगळ्यांच्या घाईत त्यांना तिथे थांबता येणार नाही.

ग्रीनविचला डीएलआरने जा, तीच ड्रायव्हर नसलेली गाडी, मुलाला सगळ्यात पुढे काचेपाशी बसव. तिच्याही सगळ्या स्टेशनांवर पायऱ्यांशिवाय जाता येतं. कटी सार्क स्टेशनला उतरलात की ते १८६९ सालचं जहाज समोरच. आईची रेषा जिथे आहे ती वेधशाळा मात्र टेकडीवर आहे, चढ खडा आहे. आई आणि मुलगा वर जातील, सासूबाई खाली नदीकाठी बसतील. येताना नदीतून बोटीने या, टॉवर ब्रिजखालून जाते.

जुना_सदाशिवपेठी

वाचून माझं मत थोडं बदललं हे कबूल करतो, पण एक विचारतो. एवढं सगळं नियोजन एकट्या सुनेने करायचं का? टूर कंपनीत निदान तिलाही सुट्टी मिळते. रोज दशम्या कोण लाटणार?

कऱ्हाडकर_आजोबा

सदाशिवपेठी, हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो आपणच विचारायला हवा होता. आमच्याकडे सकाळचा चहा आणि भाज्या निवडणं माझ्याकडे होतं, भांडी मुलाकडे. एक दिवसाआड रात्रीचं जेवण बाहेर. युस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीट आहे, तिथे भेळपुरी, डोसा, शाकाहारी थाळी असं सगळं मिळतं. एक दुपार सुनेला पूर्ण मोकळी दिली, ती एकटी कुठे गेली ते आम्ही विचारलं नाही.

मृण्मयी_नाशिक

आजोबा, हे शेवटचं वाक्य मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने त्याची यादी करायला घेतली आहे, भांडी आणि सकाळचा नाश्ता त्याच्याकडे.

आता साधारण असं ठरतंय. टूर कंपनी रद्द. साउथॉल किंवा वेस्ट ईलिंगला ग्राउंड फ्लोअरचं घर, वॉक-इन शॉवर असलेलं, दोन ठिकाणी विचारलंय. रोज सकाळी साडेदहाच्या आधी निघायचं नाही, एकच मोठी गोष्ट, दुपारी जोड्या. सासऱ्यांना खुर्चीबद्दल आजोबांनी सांगितलं तसंच सांगितलं. विमानतळावर घेतो म्हणाले, म्युझियममध्ये बघू म्हणाले, आणि माझ्यासाठी हे खूप आहे. बसचे नकाशे त्यांनी मुलाकडून काढून घेतलेत आणि पंधरा नंबरचे थांबे वहीत लिहायला सुरुवात केली आहे.

सासूबाईंचंच राहिलंय. त्यांना बसायला मिळेल अशी, गर्दी नसलेली ठिकाणं अजून सुचवा.

थेम्सकाठी

त्यांच्यासाठी रीजंट्स पार्कातली क्वीन मेरीज गार्डन्स. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गुलाब भरात असतात, वाटा सपाट, बाकं जागोजागी. सेंट जेम्सेस पार्कमध्ये पेलिकन आहेत, तळ्याकाठी बसून दिसतात. बकिंगहॅम पॅलेससमोरचा गार्ड बदलण्याचा सोहळा टाळा, तासभर गर्दीत उभं राहावं लागतं. त्याऐवजी जवळच हॉर्स गार्ड्स परेडला रोज अकराला, रविवारी दहाला, घोडेस्वारांचा पहारा बदलतो, गर्दी कमी आणि घोडे अगदी जवळून दिसतात.

आणि नीसडनचं स्वामिनारायण मंदिर. १९९५ चं, दगड युरोपातून भारतात नेऊन तिथल्या कारागिरांकडून कोरून घेतले आणि इथे आणून जोडले. आत शांत असतं, समोर शाकाहारी जेवण मिळतं. तिथून डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ जवळ आहे, १९३२ सालचं. तुम्ही असाल तेव्हा काही कार्यक्रम असला तर नक्की जा, सदाशिवपेठी काका म्हणाले ती त्यांच्या वयाची सोबत तिथे मिळेल.

स्वच्छतागृहाची काळजी त्यांना वाटत असणार पण त्या बोलणार नाहीत. पॅडिंग्टन, किंग्ज क्रॉस, युस्टन अशा मोठ्या रेल्वे स्टेशनांवर २०१९ पासून टॉयलेट फुकट आहेत, सगळ्या म्युझियममध्ये आहेत. रोज निघताना आज कुठे कुठे सोय आहे ते त्यांना आधीच सांगून ठेव, म्हणजे पाणी पितील.

मृण्मयी_नाशिक

हे मी आत्ताच त्यांना वाचून दाखवलं. स्वच्छतागृहाचं ऐकून म्हणाल्या, "असं होय, मग येते की मी." गुलाबाची बाग आणि मंदिर दोन्हीला हो म्हणाल्या. एक प्रश्न त्यांचा आहे, जसाच्या तसा विचारते: जूनमध्ये साउथॉलला हापूस मिळेल का, लेकीला (म्हणजे माझ्या नणंदेला) आमरस करून घालायचाय.

थेम्सकाठी

हापूस तोपर्यंत संपत आलेला असतो, मिळाला तर पहिल्याच आठवड्यात मिळेल, म्हणून आल्या दिवशीच नणंदेला पेटी सांगून ठेवायला सांग. नाही मिळाला तर केसर मिळतो, पाकिस्तानचे आंबेही यायला लागतात तेव्हा, रस दोन्हीचा छान होतो.